झालंच, सिस्टर

‘झालंच’ म्हणजे झालेलं नाही. हे आमच्या प्रसूती वॉर्डाच्या जिन्याखाली राहणाऱ्या मांजरीलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ‘कानोसा’ला आणि कानोसा बनवणाऱ्या शहाण्या लोकांना.

तुम्हीच सांगा. घरात कुणी विचारलं, “भात झाला का?” आणि आतून उत्तर आलं, “झालाच!”, तर तुम्ही ताट घेऊन बसता का? नाही बसत. कुकरची एक शिट्टी अजून बाकी आहे, हे तुम्हाला न सांगता कळतं. ‘आलेच’ म्हणणारी बाई अजून केस विंचरत असते आणि ‘निघालोच’ म्हणणारा माणूस अजून बनियनवर असतो. शिवाय ही भाषा आपण सगळ्यांशी बोलत नाही. बरोबरीच्या माणसाला सरळ सांगतो, “नाही गं झालं अजून.” ‘झालंच’ राखून ठेवलेलं असतं वरच्यांसाठी. सासूसाठी, साहेबासाठी, आणि आमच्या सिव्हिल हॉस्पिटलात माझ्यासाठी.

मी कालिंदी उमाळे. प्रसूती वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आवाज मोठा, जीभ तिखट, हे मीच सांगून टाकते, दुसऱ्या कुणाला तसदी नको. मी वॉर्डात शिरले की चादरी आपोआप ताठ होतात, असं पोरी म्हणायच्या. माझ्या तोंडावर म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. घरी माझं कुणी नव्हतं. लग्न झालं नाही, आई गेली, भाऊ सुरतेला स्थायिक झाला. आवारातल्या क्वार्टरमध्ये एकटी राहायचे आणि त्याचं काही वाटायचं नाही, कारण दिवसभर बोलून बोलून घसा सुकलेला असायचा. घरी गेल्यावर शांतता बरी वाटायची.

करुणा पेंदाम ही माझी सगळ्यांत जुनी स्टाफ नर्स. नवीन आली तेव्हा माझ्या सावलीलाही घाबरायची. एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाली, “सिस्टर, चहा घेता का?” मी म्हटलं, ही कसला चहा पाजते मला? तर चादरींच्या खोलीत नेऊन, दार लोटून रडायलाच लागली. एका बाईचं इंजेक्शन तिनं शेजारच्या बाईला दिलं होतं. मी आधी शिव्या घातल्या, अशा की बाहेर बाळं रडायची थांबली असतील. मग दोघींनी धावत जाऊन निस्तरलं. डॉक्टरांना मी सांगितलं, मी स्वतः. तेव्हापासून आमच्या वॉर्डात ती पद्धतच पडली. कुणाच्या हातून काही चुकलं की ती यायची आणि म्हणायची, “सिस्टर, चहा घेता का?” मला कळायचं, आज काहीतरी जळालंय. खरा चहा कधी कुणा मेलीनं पाजला नाही.

मग कानोसा आला, आमच्या बोलण्यावर कान ठेवणारं यंत्र.

त्याचं शास्त्र आम्हाला प्रशिक्षणात समजावून सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं. आपला आवाज निघतो तो घशातल्या दोन बारीक पडद्यांच्या थरथरण्यातून. माणसाच्या मनात एक आणि ओठांवर दुसरं असलं, की मेंदूला दुप्पट काम पडतं. एक वाक्य दाबून धरायचं आणि दुसरं बाहेर काढायचं. हा भार त्या पडद्यांना ताणणाऱ्या स्नायूंवर येतो. थरथर किंचित बदलते, श्वास मध्येच तुटतो, प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट वाढते. आपल्या कानाला हे कळत नाही. छातीवरच्या बिल्ल्याला कळतं. पहिला महिनाभर बिल्ला नुसता ऐकतो. तुमचा दमलेला आवाज कसा, सर्दीचा कसा, वैतागाचा कसा, हे शिकून घेतो. मग जे उरतं ते पकडतो.

बिल्ला सगळ्यांच्या छातीवर. पण रंग दिसायचा तो फक्त वरिष्ठाच्या मनगटावरच्या पट्ट्यात. हिरवा म्हणजे माणूस मनातलं बोलतोय, नारिंगी म्हणजे काहीतरी दडवतोय. माझ्या पोरींचे रंग मला दिसायचे, माझा रंग आमच्या मेट्रनला, बोदडे मॅडमना. त्यांचा सिव्हिल सर्जनसाहेबांना. साहेबांचा रंग मुंबईत कुणाला तरी दिसतो म्हणे. खालच्याला वरच्याचा रंग दिसायची सोय मात्र त्यात कुणी केली नव्हती.

कानोसाचं दुसरं काम नोंदीचं. लिहायची कटकट गेली. नर्सनं तोंडानं म्हणायचं, “तीन नंबरला सलाइन लावलं,” की भिंतीवरच्या पडद्यावर ते आपोआप उमटायचं. त्यामुळे ‘ओव्हर’ बंद झाली. ओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना जाणारीनं येणारीला खाटेखाटेपाशी उभं राहून सगळं सांगायचं. आता सगळं पडद्यावर असताना तोंडाची वाफ कशाला दवडायची? त्यात पोरींचा वेळ जातो, असं वरून पत्र आलं.

यंत्राला उगाच नावं ठेवणार नाही. पहिल्या वर्षात एका नव्या पोरीला विचारलं, “सलाइनचा वेग बरोबर ठेवलास ना?” ती “हो” म्हणाली आणि पट्टा नारिंगी झाला. जाऊन बघते तर धो धो चाललेलं. त्या दिवशी एक बाई वाचली. मी पट्ट्याला हात जोडले, अगदी खरे.

पण नारिंगी फक्त सलाइनपुरता थांबत नाही हो.

करुणा दरवर्षी माझ्याकडचं आंबोशीचं लोणचं न्यायची. “सिस्टर, तुमच्या हाताला काय चव आहे!” म्हणायची. त्या वर्षीही म्हणाली. नारिंगी. मी बरणीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिला कळलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“नाही म्हणजे, सिस्टर, मीठ थोडं...”

“मग इतकी वर्षं नेलंस कशाला?”

“तुम्ही एवढं प्रेमानं देता म्हणून.” हिरवा.

आता याच्यावर मी रागवायचं की रडायचं? मी रागावले. मला तेच येतं.

त्यानंतर हळूहळू पोरी माझ्याशी कमी बोलायला लागल्या. “सिस्टर, साडी छान आहे,” हे बंद. “सिस्टर, तब्येत बरी आहे ना?” हेही बंद, कारण विचारणारीला खरंच काळजी आहे की नुसतं विचारायचं म्हणून विचारतेय, हे मला दिसणार. कामाचं तेवढं, तेही तुटक. मी जेवायच्या खोलीत शिरले की पोरींचं बोलणं मध्येच थांबायचं आणि डब्यांची झाकणं वाजायची. एकदा मी पट्टा काढून टेबलाच्या खणात टाकला आणि त्यांच्यात जाऊन बसले. म्हटलं, घ्या, आता मी आंधळी. सगळ्या हसल्या, पण बोलली कुणीच नाही. पट्टा खणात असला तरी बिल्ले त्यांच्या छातीवर होतेच, आणि रंग नंतरही बघता येतात, हे त्यांना माहीत होतं.

“सिस्टर, चहा घेता का?” हे तर कधीच बंद झालं होतं. चूक पकडली जाणारच असेल तर कबूल कशाला करायची? चादरींच्या खोलीत आता नुसत्या चादरी होत्या. मी घरी जायचे तेव्हा घसा ओला असायचा, आणि ती शांतता मला खायला उठायची. रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचे. एकदा करुणाला वॉर्डाच्या दारात अडवून विचारलं, “तू माझ्यावर नाराज आहेस का?”

“काहून सिस्टर? नाही बाप्पा.”

मनगटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. नारिंगी.

मी त्या पट्ट्यावर इतकी विसंबले होते की माणसाचं तोंड बघायची सवयच गेली. आणि मग तो दीपालीचा दिवस आला.

दीपाली म्हणजे चार नंबरच्या खाटेवरची बाळंतीण. कोवळी पोर. बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके आलेली. अशा बाईला मॅग्नेशियमची इंजेक्शनं ठरावीक अंतरानं द्यावी लागतात. एखादं राहिलं तर झटका परत येऊ शकतो, जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून दर वेळी आधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे आणि मगच सुई टोचायची.

दुपारी फेरी घेताना मी दारातूनच ओरडले, “करुणा, चार नंबरचं मॅग्नेशियम?”

“झालंच, सिस्टर!”

तिच्या हातात हातोडी होती. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये होती. मला दिसत होती. पट्टा हिरवा झाला, कारण ती खोटं बोलत नव्हती, ती खरंच द्यायलाच निघाली होती. मी पुढे गेले.

तेवढ्यात सात नंबरची बाई रक्तात भिजली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काय असतो हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. करुणा ट्रे ठेवून धावली. डॉक्टर आले, गच्चीवर ड्रोननं रक्ताच्या पिशव्या उतरल्या, पण रक्त थांबेना. बाईला मेडिकल कॉलेजला हलवायचं ठरलं. आकाशातून रक्त येतं आमच्याकडे, पण ॲम्ब्युलन्समध्ये बसायला जास्तीची नर्स नसते. मी म्हटलं, “करुणा, तू जा हिच्याबरोबर. पळ!” ती बाईचं पोट दाबून धरत तशीच गाडीत चढली. चार नंबरबद्दल ती काही बोलली नाही. तिला वाटलं, सिस्टरला माहीत आहे. आणि सिस्टरला माहीत होतं.

परत वॉर्डात आले तर भिंतीवर लिहिलेलं, ‘खाट चार: मॅग्नेशियम दिले’, आणि पुढे नोंद पक्की झाल्याचा हिरवा ठिपका. मनात जरा खुटखुटलं. हिनं दिलं कधी? पण पडद्यावर ‘दिले’ होतं, ठिपका हिरवा होता, आणि सात नंबरच्या नवऱ्याला आवरायचं होतं. मी ते खुटखुटणं झटकून टाकलं. पुढच्या ड्युटीच्या नर्सनं पडदा वाचला आणि ती निर्धास्त राहिली. ओव्हर असती तर तिनं विचारलं असतं.

संध्याकाळी दिवेलागणीला दीपालीला झटका आला. जीभ चावली, उलटी छातीत गेली. तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तिची सासू बाळ घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची, “उठन ना जी ते?” शेवटी उठली, देवाची कृपा. पण तोवर चौकशी बसली होती.

आरोप सरळ होता. सिरिंज ट्रेमध्ये जशीच्या तशी सापडली, म्हणजे इंजेक्शन दिलंच नव्हतं. आणि नोंद ‘दिले’ अशी, करुणाच्या आवाजात. म्हणजे खोटी नोंद. खोट्या नोंदीला शिक्षा बडतर्फीची. करुणाचा नवरा पोटाच्या दुखण्यानं घरी बसलेला, दोन मुली शिकणाऱ्या. ती निलंबित होऊन घरी बसली आणि मला फोन केला नाही. मीही केला नाही.

बोदडे मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही एकाच बॅचच्या. एकेकाळी एका ताटात जेवायचो.

“कालिंदी, कंपनीचा अहवाल आला,” त्या म्हणाल्या. “त्यांचा भाषातज्ज्ञ म्हणतो, ‘च’ म्हणजे जोर. ‘झालंच’ म्हणजे ‘नक्की झालं’. यंत्राची चूक नाही.”

मला हसूच आलं. “मॅडम, तुम्ही मराठी आहात ना? तुमच्या शिपायाला फाईल मागा. तो काय म्हणतो बघा.”

त्या हसल्या नाहीत. “मला काय कळत नाही का? सगळ्यांना कळतं. पण ‘झालंच’ म्हणजे ‘झालं नाही’ असं एकदा लिहून दिलं, की गेल्या दोन वर्षांतली राज्यभरातली प्रत्येक नोंद संशयात येते. कोण घेणार ते अंगावर? आणि दुसरं ऐक. तुला त्या वेळी कळलं असेल की इंजेक्शन व्हायचंय, तर मग जबाबदारी कुणाची? तिला गाडीत तूच बसवलंस.”

मी अहवालाचं पान उलटलं.

“एवढंच म्हण, की मला वाटलं झालं. निवृत्ती तोंडावर आली आहे तुझी. मी तुला सांभाळून घेईन.”

त्यांच्या मनगटावर माझा रंग होता. त्यांचा रंग मला कुठून दिसणार? त्या मनापासून बोलत होत्या की स्वतःला वाचवत होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. इतकी जुनी मैत्रीण, पण तिच्या तोंडाकडे बघून मला काही कळेना.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी बिल्ला घेऊन स्वयंपाकघरात बसले. महिन्यातून एकदा बिल्ला आपल्या आवाजाशी जुळवून घ्यावा लागायचा आणि तेवढ्यापुरता आपला रंग आपल्याला दिसायचा. मी ती सोय चालू केली आणि म्हटलं, “मला वाटलं, इंजेक्शन झालं.”

नारिंगी.

पाणी प्याले. परत म्हटलं. नारिंगी. भांडी घासता घासता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, रागानं म्हटलं, देवाचं नाव घेऊन म्हटलं. नारिंगीच. आयुष्यात कधी कशासाठी केली नव्हती एवढी तालीम या वयात करत होते, आणि तीही जमत नव्हती. मग डोक्यात आलं, दुसरं वाक्य बघू. “पडद्यावर ‘दिले’ असं लिहिलेलं होतं, ते मी वाचलं.”

हिरवा. स्वच्छ, गवतासारखा हिरवा.

खरंच होतं ते. लिहिलेलं होतं आणि मी वाचलं होतं. एवढंच बोलायचं आणि पुढे तोंड मिटायचं. मला इतकं हायसं वाटलं की मी पोटभर जेवले. करुणा त्या वेळी जेवली असेल का, हा विचार आला आणि तो मी बाजूला सारला. कशी वागते बाई स्वतःला वाचवताना, ते मी त्या दिवशी स्वतःच्याच घरात बघितलं.

सुनावणी सिव्हिल सर्जनसाहेबांच्या खोलीत झाली. साहेब, बोदडे मॅडम, आणि पडद्यावर कंपनीचे भाषातज्ज्ञ इनामदार. करुणाचं म्हणणं आधीच घेतलं होतं, ती बाहेर बाकावर बसली होती. मी आत जाताना तिच्या समोरून गेले. तिनं मान वर केली, मी केली नाही.

इनामदारांनी पंधरा मिनिटं ‘च’ या अव्ययावर व्याख्यान दिलं. जुन्या व्याकरणांचे दाखले दिले. साहेब मान डोलवत होते, आणि मला दिसत होतं, त्यांना हे सगळं खोटं आहे हे कळतंय. यांच्याही घरी कुणीतरी ‘आलेच’ म्हणून अर्धा तास लावत असेलच की.

“उमाळे सिस्टर,” साहेब म्हणाले, “तुम्ही इन्चार्ज होता. सांगा.”

मी तयारीचं वाक्य काढलं. “साहेब, पडद्यावर ‘दिले’ असं लिहिलेलं होतं, ते मी वाचलं.”

मॅडमनी मनगटाकडे बघितलं आणि हलकेच मान हलवली. हिरवा असणारच. मी खुर्ची मागे सरकवायला लागले. सुटले, असं वाटलं.

“थांबा,” साहेब म्हणाले. “ते नंतरचं झालं. पेंदाम सिस्टर ‘झालंच’ म्हणाल्या, त्या क्षणी तुम्हाला काय कळलं? झालं, की व्हायचंय?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलंच नाही, त्या सरळ पट्ट्यावर डोळे लावून बसल्या. ‘झालं’ म्हणाले असते तर तिथं काय दिसलं असतं हे मला आदल्या संध्याकाळपासून पाठ होतं. पळायला वाट उरली नव्हती.

“व्हायचंय,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“म्हणजे इंजेक्शन अजून दिलेलं नाही, हे मला कळलं होतं. सिरिंज भरलेली मी बघितली होती. ‘झालंच’ म्हणजे झालं नाही, साहेब. ते मला माहीत आहे, मॅडमना माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. करुणा खोटं बोलली नाही. मी तिला गाडीत बसवलं आणि चार नंबर विसरले. पडदा वाचला तेव्हा मनात शंका आली होती. ती मी दाबून टाकली.”

मॅडमनी पट्ट्याचा हात टेबलाखाली घेतला. साहेबांनी विचारलं, “रंग?” त्या म्हणाल्या, “हिरवा.” यंत्राची साक्ष होती ती, यंत्राच्याच विरुद्ध.

निकाल आठवडाभरात लागला. करुणा कामावर परत, ताकीद देऊन. माझी इन्चार्जपदावरून उचलबांगडी, निवृत्तीपर्यंत कपड्यांच्या कोठारात. तिथं रोगी नाहीत, औषधं नाहीत, हाताखाली माणसं नाहीत, म्हणून बिल्ल्याचीही गरज नाही. तो त्यांनी काढून घेतला. आणि राज्यभर एक परिपत्रक फिरलं, की कामासंबंधी बोलताना कर्मचाऱ्यांनी ‘च’ वापरू नये. ते वाचून मी इतकी हसले की धोब्याला वाटलं, उमाळेबाईंचं डोकं फिरलं.

पण मनातून मी वाट बघत होते. रोज दार वाजलं की वाटायचं, करुणा असेल. मी तिची नोकरी वाचवली होती, आता ती येईल, बसेल, चार शब्द बोलेल. मला दुसरं काही नको होतं. दिवसच्या दिवस कोठारात चादरींच्या चळतींशी कोण बोलणार? कधी कधी मी मोठ्यानं उशांचे अभ्रे मोजायचे, माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून.

ती आली एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. दारातच उभी राहिली.

“ये ना आत,” मी म्हटलं. “इथं कुणी खात नाही तुला.”

ती आत आली, चळतीला टेकून उभी राहिली. बारीक झाली होती. छातीवरचा बिल्ला दिसला नाही. तिच्या लक्षात आलं. “बाहेर ठेवून आले, सिस्टर. जेवायच्या सुट्टीत काढता येतो आता.”

“दीपाली कशी आहे?”

“गेली घरी. पोरगी गोड आहे तिची.”

मग ती चळतीतल्या चादरीची कड सरळ करत राहिली. एके काळी आम्हाला एकमेकींचं बोलणं तोडायला लागायचं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “रागवाल?”

“विचार.”

“तुम्ही आत खरं सांगितलं. मला मॅडमनी सांगितलं सगळं. घरी मी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, सिस्टरनं काही उपकार नाही केले, यंत्र होतं म्हणून बोलली, नाहीतर तुलाच बुडवलं असतं तिनं.” तिचा आवाज चिरकला. “मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आमच्या सिस्टर तशा नाहीत. पण मग रात्रंदिवस तेच डोक्यात. सिस्टर, यंत्र नसतं, तरी तुम्ही हेच सांगितलं असतं ना?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत. दोन वर्षांत कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, आणि मीही कुणाकडे नव्हतं. माझ्या छातीवर बिल्ला नव्हता, तिच्या मनगटावर पट्टा नव्हता. त्या खोलीत आम्ही दोघी होतो आणि माझा शब्द होता, बास.

खरं काय ते मला माहीत होतं. मला स्वयंपाकघर आठवलं, ते हिरवं वाक्य आठवलं, पोटभर जेवलेली मी आठवले. तिला ते सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती? “बरं सिस्टर,” म्हणाली असती, आणि त्या दारातून जी गेली असती ती परत आली नसती. माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

“वेडी आहेस का?” मी म्हटलं. माझा जुना, मोठा आवाज लावून. “यंत्र असो नसो, मी हेच सांगितलं असतं. तुला काय आज ओळखते का मी?”

तिनं एक क्षणही घेतला नाही. चळत सोडून पुढे आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. “मला माहीत होतं, सिस्टर. मला माहीत होतं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. “रोज येत जाईन जेवायला,” ती म्हणाली. “तुम्ही इथं एकट्या असता.”

ती आता रोज येते. डबा उघडते, मुलींचं सांगते, मॅडमना शिव्या देते, खदाखदा हसते. माझ्या प्रत्येक शब्दावर तिचा विश्वास आहे. मी तिच्यासमोर बसून जेवते, हसते, आणि इतकं एकटं मला त्या दोन वर्षांतसुद्धा कधी वाटलं नव्हतं.